फ्लेक्सवरची माझी नखं

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस मोठा होण्याआधी त्याचा फ्लेक्स मोठा होतो. वाढदिवस, निवड, पुनर्निवड, निवड न झाल्याबद्दलही आभार. चौकात उभं राहून वर पाहिलं तर आभाळापेक्षा दात जास्त दिसतात. मला या प्रकाराची मजा वाटायची. आमच्या रुग्णालयानं हात धुण्याचं महत्त्व सांगणारा फ्लेक्स लावायचं ठरवलं, तेव्हाही मी हसले होते. त्यावर माझेच हात येणार आहेत हे कळल्यावर हसू थांबलं आणि, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं.

मी चिंचवडच्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. वीस वर्षांहून जास्त काळ मी रोज सकाळी हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून एकच शब्द बोलत आले आहे: "हात." त्यासरशी थिएटरमधला प्रत्येक जण शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे करतो. अंगठी, घड्याळ, गंडा, दोरा, नेलपॉलिश, बोटाच्या टोकाबाहेर डोकावणारं नख, काहीही दिसलं की मी त्या माणसाला मागे पाठवते. सर्जनलाही एकदा मनगटावरचा लाल दोरा कापायला लावला होता. ही गोष्ट मी नव्या मुलींना सांगते आणि दर वेळी सर्जन थोडे जास्त घाबरलेले असतात.

दुसरी गोष्ट चुड्याची. आमच्याकडे एक तरुण सिस्टर आहे. लग्नाची रजा संपवून ती कामावर आली तेव्हा दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. मी म्हटलं, "हात." तिनं हात पुढे केले आणि मान खाली घातली.

"ताई, सव्वा महिना काढायचा नाही म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"सासूबाई."

"सासूबाईंना सांग, थिएटरमध्ये देव चालतो, काकणं चालत नाहीत."

बाकीच्या हसल्या. तिनं बेसिनशी उभं राहून साबण लावून एकेक बांगडी काढली. एकही फुटू दिली नाही. सगळ्या रुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवल्या. मनगटावर लाल वळ उठले होते. नियम योग्यच होता. हसवायची मात्र गरज नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर फ्लेक्स. मानांकन देणारी मंडळी पाहणीला येणार होती, म्हणून रुग्णालय नवऱ्या मुलीसारखं सजत होतं. भिंतींना रंग लागला, वॉचमनला सलाम शिकवला गेला, लिफ्टमध्ये कुंडी आली. मार्केटिंगची मुलगी फोटोग्राफरला घेऊन माझ्याकडे आली. नळाखाली हात धरून दोन-चार फोटो झाल्यावर ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण हात जरा... कंपनीतल्या शॉप फ्लोअरवरचे वाटतायत."

राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. वर्षानुवर्षं ब्रश आणि औषधी साबण लावलेले हात तसेच दिसतात. कातडी खरबरीत, नखं पार मुळापर्यंत कापलेली, सांध्यांवर भेगा. हळदीकुंकवाला वाण घेताना मी ते पदराखाली ठेवते. साडीच्या दुकानात रेशमावर हात फिरवला की धागा अडकतो आणि दुकानदार नम्रपणे साडी आपल्याकडे ओढून घेतो. मी या सगळ्यावर विनोद करायला शिकले होते. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्यावर मी आधी स्वतःच विनोद करते, म्हणजे दुसऱ्याला संधी उरत नाही.

मार्केटिंगच्या मुलीनं मला समोरच्या पार्लरमध्ये नेलं. तासाभरात माझ्या दहा बोटांना दहा नखं चिकटवली गेली. फिक्कट गुलाबी, कडा पांढरी, फार लांबही नाहीत. दुपारी फोटो झाले. हात धुण्याच्या प्रचारासाठी ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्जला खोटी नखं लावली, यातला विनोद माझ्या लक्षात आला नाही असं नाही. लक्षात आला आणि आवडलाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी ते वर्षभर रंगवून सांगितलं असतं.

तो शनिवार होता. त्याच संध्याकाळी नखं काढायची असं ठरलं होतं. पण रविवारी पुनावळ्याला भाच्याचा साखरपुडा होता. म्हटलं, एक दिवस. मंगल कार्यालयात मी पहिल्यांदा हात पदराबाहेर ठेवून बसले. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, हात किती नाजूक तुझे!" पन्नाशीच्या बाईला हे वाक्य किती पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येताना रिक्षात मी हात मांडीवर पसरून बघत होते.

सोमवारी पार्लर बंद. ओढून काढली तर खालचं खरं नख सोलून येतं, असं पार्लरच्या मुलीनं बजावलं होतं. सोमवारी माझं काम टेबलावरचं होतं, पाहणीची कागदपत्रं नीट लावायची. थिएटरमध्ये हात घालायचाच नव्हता. म्हणून मी नखांसकट कामावर गेले आणि त्या दिवशी सकाळी बेसिनपाशी जाऊन "हात" म्हटलं नाही. चुडेवाल्या सिस्टरनं सवयीनं हात पुढे केले होते. मी कागद चाळत तिच्यासमोरून निघून गेले.

साडेदहाला चाकणहून पेशंट आला. कंपनीतल्या प्रेस मशीनखाली उजव्या हाताची तर्जनी सापडली होती. कंत्राटी कामगार, तिशीचा, मूळचा लातूरकडचा. बोटाचं टोक चेंदलं होतं, पण रक्तपुरवठा शिल्लक होता. सर्जन म्हणाले, आत्ताच घेतलं तर वाचेल. त्या दिवशी ऑपरेशन टेबलाशी जिची पाळी होती ती सिस्टर चाकणलाच राहते. कंटेनर आडवा झाल्यानं ती तळेगावच्या रस्त्यावर अडकली होती. तिचा फोन आला, "ताई, अजून तासभर तरी नाही." आत होतो आम्ही दोघी. चुडेवालीला येऊन वर्षही झालं नव्हतं, हाताच्या ऑपरेशनला ती कधी उभी राहिली नव्हती. ती बाहेरून सामान देणार आणि मी टेबलाशी, असं आपोआप ठरलं.

मी तेव्हाच सर्जनना हात दाखवायला हवे होते. ते म्हणाले असते, दुसऱ्या रुग्णालयात पाठवू, किंवा कात्रीनं नखं कापा, किंवा तासभर थांबू. काहीतरी म्हणाले असते. मी दाखवले नाहीत, कारण दाखवले असते तर त्यांना हसू आलं असतं. इतकंच कारण होतं. मी पुनःपुन्हा तपासून पाहिलं आहे, याहून मोठं कारण सापडत नाही.

हाताच्या ऑपरेशनला तेवढा हात बधिर करतात, माणूस जागा असतो. बधिर झालेला त्याचा हात मी हातमोजे घालून ब्रशनं धुवायला घेतला. नखांच्या कडांत काळं ग्रीस बसलेलं.

"नखं कधी कापली होती?"

"परवाच कापली ओ सिस्टर. कापली तरी आत जातंयच ते."

"आंघोळ करून येत नाही का कामाला?"

"येतो की. ग्रीस कुठं आंघोळीनं जातंय? रॉकेल लावलं तरी निघंना."

"इथं कंपनी नाही. इथं हात स्वच्छ लागतात."

"माफ करा," तो म्हणाला. बोट तुटायच्या बेतात असलेला माणूस माझी माफी मागत होता. मग थोड्या वेळानं: "सिस्टर, बोट वाचंल ना? पुढच्या महिन्यात मला प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलावर घेणार हायेत. तिथं माप घ्यायचं गेज फिरवायला हेच बोट लागतंय."

"वाचेल. हलू नका."

मी स्वतःचे हात धुवायला गेले. खोट्या नखाखाली ब्रशची टोकं पोचत नव्हती. पाणी आत शिरायचं आणि तिथंच राहायचं. चुडेवाली शेजारी उभी होती. तिनं पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. मी अर्ध्या मापानं मोठे हातमोजे मागितले आणि दोन जोड्या एकावर एक घातल्या. दोन जोड्या घातल्या की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. तेव्हा मी त्याला जास्तीची काळजी असं नाव दिलं.

हाडात तार घालून झाली होती, टाके सुरू होते, तेव्हा ती माझ्या पाठीमागून हळूच म्हणाली, "ताई, डावा अंगठा."

नखाचं टोक दोन्ही हातमोज्यांतून बाहेर आलं होतं. फिक्कट गुलाबी, कडा पांढरी. भोवती रक्त होतं, ते त्याचं.

"काय झालं ओ?" पडद्यापलीकडून तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं.

सर्जन सुईकडे बघत होते. हातमोजा फाटणं ही रोजची गोष्ट. मी टेबलापासून मागे सरले, मोजे बदलले आणि परत उभी राहिले. नियमाप्रमाणे मोजा कशानं फाटला ते सांगायचं असतं, जखम पुन्हा धुवायची असते. मी मोजे तेवढे बदलले. कधी फाटला होता, किती वेळ ते टोक जखमेशी फिरत होतं, मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

मंगळवारी पार्लरमध्ये औषधात बोटं बुडवून बसले. पार्लरची मुलगी हळहळली, "काकू, चार दिवस तरी मिरवायची ना!" एकेक नख सुटून वाटीत पडलं. त्यांच्या खालच्या बाजूला पिवळट ओल होती. मी ती बघितली आणि मान फिरवली.

बुधवारी फ्लेक्स चढला. दुमजली. वर निळ्या अक्षरांत स्वच्छ हातांचं महत्त्व, खाली दोन गोरेपान हात, बोटांवरून ओघळणारं पाणी, दहा गुलाबी नखं. हात गोरे कॉम्प्युटरनं केले होते. नखं मात्र होती तशी होती. पेशंटची बायको वॉर्डच्या खिडकीतून तो बघत होती. मी इंजेक्शन बघायला गेले तर म्हणाली, "कुणाचे असतील ओ ते हात? पाण्यातल्या कमळावानी हायेत."

"असतील कुणाचे तरी," मी म्हटलं.

पाचव्या दिवशी पट्टी सोडताना वास आला. त्याला ताप होता. बोट टाक्यांपाशी काळपट, सुजलेलं. औषधं बदलली, जखम उघडून धुतली, तार काढली. दर वेळी तो एवढंच विचारायचा, "वाचंल ना?" आणि बायको त्याच्यावर चिडायची, "म्हणलं होतं का न्हाई, कामावरून आल्यावर हात नीट धुत जावा. म्हणलं होतं का न्हाई?" तो मान हलवायचा.

असा संसर्ग झाला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात संभाव्य कारणाचा रकाना असतो. तो इन्चार्ज भरते. मी भरला. इंग्रजीत लिहिलं, कारण इंग्रजीत लिहिलेलं आपण लिहिल्यासारखं वाटत नाही. कामाच्या ठिकाणचं ग्रीस, रुग्णाची वैयक्तिक स्वच्छता असमाधानकारक. चुडेवाली माझ्या टेबलाशी आली.

"ताई, मोजे बदलले ते लिहायचं का?"

"त्याची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. जाताना तिनं रिकामी मनगटं एकमेकांवर घासली. तिची ती सवय असेल. मला ते तेव्हापासून दिसत राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात बोट मधल्या सांध्यापासून काढावं लागलं. त्या ऑपरेशनला मी उभी राहिले नाही, चाकणची सिस्टर उभी राहिली. संपल्यावर मी सर्जनच्या खोलीत गेले आणि सांगितलं. नखं, मोजे, सगळं. त्यांनी चष्मा काढला.

"सिस्टर, ती जखम मुळातच घाण होती. प्रेसमधून आलेली. जे जंतू निघालेत ते बेसिनमध्येही सापडतात आणि मशीनच्या तेलातही. तुमच्या नखांनीच झालं हे कधीच सिद्ध होणार नाही."

"झालं नाही, हेही सिद्ध होणार नाही."

"पाहणी सोमवारी आहे," ते म्हणाले. "तुम्ही दमलाय. घरी जा."

मी घरी गेले. मला हायसं वाटलं. या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर मी नखांचं नाव घेणार नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले, शांत झोपले, त्याची वाटते.

सोमवारी पाहणीची मंडळी आली. कचऱ्याचे डबे रंगांप्रमाणे आहेत का ते पाहिलं, आगीचे बंब पाहिले, मला हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या क्रमानं करून दाखवायला लावल्या. मी न चुकता करून दाखवल्या. जाताना सगळ्यांनी फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढला. स्वच्छतेतले एवढे जाणकार त्या दहा नखांखाली ओळीनं उभे राहिले, एकानंही मान वर करून पाहिलं नाही. महिन्याभरात मानांकन मिळालं. आम्हाला पेढे वाटले.

तो पट्टीसाठी येत राहिला. एके दिवशी बायको सोबत होती आणि तिच्या हातात घरी सोडतानाचा आमचा कागद होता.

"सिस्टर, हे काय लिहिलंय वाचून सांगा ना. कंत्राटदार म्हणतोय, दवाखान्यानंच लिहिलंय तू घाणेरडा राहतोस म्हणून. तपासणीच्या टेबलावर आता घेत न्हाईत. बोट गेलं म्हणून न्हाई, असा माणूस नको म्हणत्यात."

माझंच वाक्य होतं. फॉर्ममधून उचलून कुणीतरी जसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं. मी ते मनात वाचलं. मग मराठीत मोठ्यानं वाचलं. तो खाली बघत होता.

"खरंच हाय की ते," तो बायकोला म्हणाला. "हात काळेच होते. सिस्टरनीच तर धुतले."

मी म्हटलं, "धुतल्यावर तुमचा हात स्वच्छ होता. माझा नव्हता."

त्याला कळलं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. फोटो, पार्लर, साखरपुडा, फाटलेला मोजा. तो "काय झालं" म्हणाला होता आणि मी "काही नाही" म्हटलं होतं, तेही. बाहेरच्या बोर्डावरचे हात माझे आहेत, हे सांगितल्यावर बायको आधी खिडकीकडे आणि मग माझ्या हातांकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता. कसा बसणार?

त्यानं पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "आधी मी पेंटशॉपला होतो. गाडीला रंग देतात तिथं. आत जाताना अंगठी काढून घेत्यात, पट्ट्याचं बक्कल काढून घेत्यात. डोक्याला तेल लावलेलं चालत न्हाई. रंगाला खड्डे पडत्यात म्हणून." तो थांबला. "गाडीला ओ."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"नखामुळंच झालं का?" बायकोनं विचारलं.

"माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. पण यांच्या घाणीमुळं झालं असं मी लिहिलं, ते खोटं आहे."

"मग तसं लिहून द्या," ती म्हणाली.

मी त्याच कागदाच्या पाठीमागे मराठीत लिहिलं. ऑपरेशनपूर्वी रुग्णाचा हात नीट धुतला होता. टेबलाशी उभ्या असलेल्या सिस्टरनं खोटी नखं लावलेली होती. तिचा हातमोजा जखमेवर काम चालू असताना फाटला आणि तिनं ते सांगितलं नाही. पुढच्या बाजूला लिहिलेलं कारण चुकीचं आहे. खाली सही आणि शिक्का. शिक्का चुडेवालीकडे होता. मी मागितला तेव्हा तिनं कागद वाचला आणि शाई लागली आहे ना ते पाहण्यासाठी शिक्का आधी स्वतःच्या तळहातावर उमटवला. मग माझ्याकडे दिला.

व्यवस्थापनानं मला बोलावलं. बोटाबद्दल फार विचारलं नाही, कागदाबद्दल विचारलं. झेरॉक्स किती निघाल्या असतील, याचा अंदाज बराच वेळ चालला होता. मग मला थिएटरमधून तीन महिने काढलं आणि, काढलं असं दिसू नये म्हणून, स्वच्छता प्रशिक्षणाची प्रमुख केलं. दारावर पाटी लावली. त्या खोलीची खिडकी नेमकी फ्लेक्सच्या मागच्या बाजूला उघडायची. सकाळी ऊन पडलं की कापडातून हात उलटे दिसायचे. उतरवायला सांगितलं तर म्हणाले, वर्षाचं भाडं भरलंय.

मी थिएटरमध्ये परत आले तेव्हा बेसिनपाशी चुडेवाली उभी होती. "हात," ती म्हणाली. मी पुढे केले. भेगा, आखूड नखं, सगळं जागच्या जागी. तिनं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिले. हसवलं कुणालाच नाही. तेवढं ती माझ्याकडून शिकली नव्हती.

तो त्यानंतर एकदाच आला, जखम भरल्यावर शेवटचं दाखवायला. त्याला कंपनीनं परत घेतलं होतं. तपासणीच्या टेबलावर नाही, स्टोअरमध्ये, बॉक्सवर चिठ्ठ्या चिकटवायला. कागदाचा उपयोग झाला का, मी विचारलं. "झाला की. वाचला त्यांनी," एवढंच म्हणाला.

मी हात धुऊन त्याच्याकडे वळले. मी काही म्हणायच्या आतच त्यानं दोन्ही हात पुढे केले, पालथे, मग उताणे. नऊ नखं पार मांसापर्यंत कापलेली. कातडी घासून घासून लाल झालेली, बोटांच्या बेचक्यांत साल निघालेली. कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

"घासून आलोय सिस्टर," तो म्हणाला. "बघा, काय राहिलंय का."